ॲप फक्त रिलीजमध्येच बंद पडतं, मित्र म्हणतो फ्लटर घे, काय करू?

पत्र

ताई नमस्कार, कराडजवळच्या एका गावातून लिहितोय. मी आणि एक मित्र मिळून सॉफ्टवेअरची छोटी-मोठी कामं घेतो. सध्या एका डेअरीचं ॲप करतोय, शेतकऱ्याला सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅटशिवायचा घन भाग), दर आणि दहा दिवसांचा पगार मोबाईलवर दिसला पाहिजे, बास एवढंच. जावास्क्रिप्ट येत होतं म्हणून रिॲक्ट नेटिव्ह (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनचं ॲप बनवायचं फ्रेमवर्क) घेतलं, व्हर्जन ०.७२. लॅपटॉपला लावलेल्या माझ्या फोनवर सगळं मस्त चालतं पण एपीके (अँड्रॉइडवर ॲप टाकायची फाइल) बनवून डेअरीतल्या लोकांना दिलं की उघडतं आणि लगेच बंद, मेसेज वगैरे काही नाही. यूट्यूबवर बघून फ्लिपर (ॲपमधल्या चुका शोधायचं टूल) टाकलं तर ते कनेक्टच होत नाही, आत्तापर्यंत सगळं कन्सोल लॉगवर, म्हणजे कोडमधून ओळी छापून बघण्यावर, चाललंय. पुण्यातला मित्र म्हणतो सोड हे, फ्लटर (तसंच दुसरं फ्रेमवर्क) घे, त्याचं डिबगिंग (चुका शोधणं) भारी आहे. त्यात चेअरमन साहेबांकडे आयफोन, त्यांना त्यावर पण पाहिजे, आणि आमच्याकडे मॅक नाही. बजेट शून्य. सेक्रेटरी म्हणतात ओपन सोर्स म्हणजे फुकटच की. कुठली टूल्स वापरू आणि फ्लटरला जाऊ का, ते सांगा. नाव छापू नका.

एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

अरे, आधी मुद्द्याचं सांगते, ह्या कारणासाठी फ्लटरला जाऊ नकोस. फ्लटर वाईट आहे म्हणून नाही, चांगलंच आहे, त्यावर खाली बोलूच. पण जो बग तू अजून डोळ्यांनी बघितलेलाच नाहीस तो फ्रेमवर्क बदलून जाईल हे कशावरून? तू पत्रात "बंद पडतं" एवढंच लिहिलंयस, का बंद पडतं ते तुला माहीत नाही, आणि ते कळायला आत्ता ह्या क्षणी तुझ्या लॅपटॉपवर सगळं सामान आहे, एक रुपया लागत नाही.

डेअरीतला असा एक फोन माग ज्यावर ॲप बंद पडतं. तुझा नको, त्यांचाच. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघड, यूएसबी डिबगिंग चालू कर, केबल लाव आणि टर्मिनलमध्ये एडीबी लॉगकॅट (फोनच्या आतल्या नोंदी लॅपटॉपवर दाखवणारी कमांड) सुरू कर. मग ॲप उघड, बंद पडू दे. लॉगकॅट रिलीज एपीकेवर (लोकांना द्यायच्या फाइलवर) पण चालतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं डिबग बिल्ड (लॅपटॉपला जोडून तपासायची) नाही म्हणजे आता अंधार. ओळी धो धो येतील, फोन सतत काहीतरी बडबडतच असतो, त्यामुळे फक्त क्रॅशचा बफर मागायचा ऑप्शन आहे तो दे म्हणजे कचरा कमी होईल. त्यात "फेटल एक्सेप्शन" असं लिहिलेली ओळ शोध आणि तिच्या खालच्या ओळी नीट वाच, वरवर नको.

माझा अंदाज सांगू का, तिथे "जावास्क्रिप्ट एक्सेप्शन" असं काहीतरी असेल आणि पुढे "टाइप एरर, कॅनॉट रीड प्रॉपर्टी मॅप ऑफ अनडिफाइन्ड" ह्या धाटणीचं वाक्य. म्हणजे सर्व्हरकडून दुधाची यादी यायला पाहिजे होती ती आलीच नाही, आणि तू न आलेल्या यादीवर मॅप (यादीतली एकेक नोंद घेणारी जावास्क्रिप्टची सोय) फिरवलास. डिबगमध्ये असं झालं की लाल स्क्रीन येते आणि आपण लगेच बघतो, रिलीजमध्ये लाल स्क्रीन नसते, न पकडलेली जावास्क्रिप्टची चूक वर आली की ॲप सरळ बंद होतं. तुझे शेतकरी जे सांगतायत ते बरोबर हेच आहे.

आता यादी का आली नाही. तुझ्या सर्व्हरचा पत्ता एचटीटीपीने (उघडा) सुरू होतो की एचटीटीपीएसने (कुलूपबंद), बघ बरं. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी डिफॉल्टने बंद आहे. पण रिॲक्ट नेटिव्हच्या प्रोजेक्टमध्ये डिबगसाठी एक वेगळी मॅनिफेस्ट फाइल (ॲपला कशाकशाची परवानगी आहे ते सांगणारी) असते, तुझ्या व्हर्जनमध्ये सोर्स फोल्डरच्या आत डिबग नावाच्या फोल्डरमध्ये सापडेल, त्यात साध्या एचटीटीपीला परवानगी दिलेली असते कारण मेट्रो सर्व्हर तुझ्या लॅपटॉपवरून साध्या एचटीटीपीनेच कोड पाठवतो. ती फाइल रिलीजमध्ये जात नाही. म्हणजे तुझ्याकडे चालतं आणि त्यांच्याकडे नाही ह्यात जादू काही नाही, दोन्हीकडे परवानग्याच वेगळ्या आहेत. दुसरी शक्यता त्याहून साधी आहे आणि हसू नकोस, खूप जणांचं होतं, कोडमध्ये एपीआयचा, म्हणजे सर्व्हरचा, पत्ता अजून तुझ्या लॅपटॉपच्या वायफायचाच असेल. तुझ्या खोलीत चालणार, डेअरीत कसं चालेल?

खात्री करायला रिलीज मोडमध्येच ॲप स्वतःच्या फोनवर चालवून बघ, रन अँड्रॉइडच्या कमांडला मोड रिलीज असं जोडता येतं. तुझ्या फोनवर पण बंद पडलं तर फोनचा प्रश्न मिटला, बिल्डचाच आहे. उपाय म्हणून मॅनिफेस्टमध्ये सगळीकडे एचटीटीपी उघडं करून मोकळा होऊ नकोस, पगाराचे आकडे आहेत ते. सर्व्हरला लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट लाव म्हणजे एचटीटीपीएस चालेल, फुकट आहे, मुदत संपायच्या आधी आपोआप नवीन होईल असं लावून ठेव. एकच अडचण, अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन लेट्स एन्क्रिप्टचं आत्ताचं रूट सर्टिफिकेट ओळखत नाहीत, तेव्हा गावात किती जुने फोन आहेत ते सेक्रेटरींना विचारून घे. आणि हो, तो मॅप फिरवायच्या आधी यादी आहे का ते तपास आणि नसेल तर "माहिती आली नाही, परत प्रयत्न करा" असं मराठीत दाखव. रेंज जाणारच आहे रे, डेअरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

आता मजा बघ. समज तू मित्राचं ऐकलंस आणि महिनाभर बसून सगळं फ्लटरमध्ये लिहिलंस. फ्लटरच्या नवीन प्रोजेक्टमध्ये इंटरनेटची परवानगी फक्त डिबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये लिहिलेली असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती आपण हाताने टाकायची. विसरलास की काय होणार, तुझ्या फोनवर मस्त चालणार आणि रिलीज एपीके दिलं की नेट बंद! तिथे ॲप बहुतेक वेळा बंद पडत नाही, विजेट (स्क्रीनवरचा एखादा भाग) बनवताना चूक झाली की डिबगमध्ये लाल पट्टा येतो आणि रिलीजमध्ये नुसता राखाडी चौकोन. म्हणजे शेतकरी तुला फोन करून म्हणाला असता, स्क्रीन राखाडी झालीय. बंद पडण्यापेक्षा ते बरं की वाईट हे तूच ठरव, मला तर बंद पडलेलं परवडतं, निदान लॉगमध्ये ठळक दिसतं.

म्हणून टूल्सची तुलना करताना कुणाचा डेमो चकचकीत आहे ते बघण्यापेक्षा हे बघावं की तुझ्या गिऱ्हाइकाच्या फोनवर, रिलीजमध्ये, तू समोर नसताना काहीतरी मोडलं तर ते तुला कशात आणि किती लवकर दिसेल.

फ्लिपरचं काय झालं ते सांगते, म्हणजे त्या यूट्यूबवाल्याला शिव्या देणं थांबेल. फेसबुकने २०१८ मध्ये सोनार नावाने एक डेस्कटॉप टूल ओपन सोर्स केलं, त्याचंच पुढे फ्लिपर झालं. त्याच्याही आधी त्यांचंच स्टेथो होतं, ते पण असंच मागे पडलं. २०२० मध्ये रिॲक्ट नेटिव्ह ०.६२ पासून फ्लिपर नवीन प्रोजेक्टमध्ये आपोआप यायला लागलं, सगळ्यांनी त्यावर व्हिडिओ बनवले. पण ते नेटिव्ह लायब्ररी म्हणून ॲपमध्ये घुसायचं, बिल्ड जड व्हायची, व्हर्जन जुळायची नाहीत, आणि शेवटी ०.७४ पासून, म्हणजे २०२४ मध्ये, ते नवीन प्रोजेक्टमधून काढूनच टाकलं. आता त्याची गिटहबवरची कोडची जागा (रेपो) अर्काइव्ह, म्हणजे काम थांबवून बंद, झालेली आहे. तू ०.७२ वर आहेस म्हणून ते अर्धवट दिसतंय तरी. त्यावर अजून एक संध्याकाळ पण घालवू नकोस.

त्याच्या जागी ०.७६ पासून, ऑक्टोबर २०२४ मध्ये, रिॲक्ट नेटिव्ह डेव्हटूल्स आलं. मेट्रोच्या टर्मिनलमध्ये इंग्रजी "जे"चं बटण दाबलं की उघडतं, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही, दिसायला क्रोमच्या डेव्हटूल्ससारखंच कारण आतला सांगाडा तोच आहे. ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवायची खूण) लावता येतो, कन्सोल, मेमरी, कुठला कंपोनंट किती वेळा रेंडर झाला ते सगळं. सुरुवातीला त्यात नेटवर्कचं पॅनेल नव्हतं त्यामुळे लोक खूप वैतागले होते, ते नंतर आलं. महत्त्वाचं म्हणजे हे फोनवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या हर्मीस इंजिनला थेट जोडतं, म्हणजे कोड फोनवरच चालतो आणि तू तिथेच थांबवून बघतोस. जुन्या पद्धतीत, क्रोममध्ये रिमोट डिबग करायचो ना, तेव्हा तुझं जावास्क्रिप्ट फोनवर चालायचंच नाही, लॅपटॉपच्या क्रोममध्ये चालायचं. म्हणजे डिबगर लावला की बग गायब, काढला की हजर. तारखांच्या बाबतीत तर हे फार व्हायचं, क्रोमचं इंजिन वाटेल तशी लिहिलेली तारीख समजून घ्यायचं आणि फोनवरचं इंजिन "इनव्हॅलिड डेट" म्हणायचं. तुझ्या ॲपमध्ये सकाळ-संध्याकाळ आणि दहा-दहा दिवसांचे हप्ते आहेत, तेव्हा तारीख सर्व्हरकडून कशी येते ते एकदा बघच.

फ्लटरचं डिबगिंग भारी आहे हे मित्र खोटं बोलत नाहीये. फ्लटर डेव्हटूल्स पहिल्यापासून एकाच घरात बनलेलं आहे, इन्स्पेक्टरमध्ये स्क्रीनवरच्या कुठल्याही गोष्टीवर बोट ठेवलं की ती कोडच्या कुठल्या ओळीतून आली ते दिसतं, फ्रेमचा आलेख असा स्वच्छ येतो की कुठली फ्रेम सोळा मिलिसेकंदाच्या वर गेली ते शाळेतलं पोरगं पण सांगेल. शिवाय वेगळा प्रोफाइल मोड आहे, म्हणजे वेग रिलीजसारखा पण मोजायची साधनं चालू. रिॲक्ट नेटिव्हमध्ये इतकं सरळ अजून नाही. आणि फ्लटर स्वतःच सगळं रंगवतं, बटणसुद्धा, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर दिसण्यातले फरक कमी. पूर्वी पहिल्यांदा ॲनिमेशन चाललं की झटका बसायचा, ते इम्पेलर नावाचं नवीन रेंडरिंग इंजिन आल्यावर बरंच सुटलं, आयफोनवर २०२३ पासून तेच डिफॉल्ट आहे आणि नंतर नव्या अँड्रॉइडवर पण.

पण तुझ्या दृष्टीने दोन गोष्टी आड येतात. एक, फ्लटरचं आयफोनवरचं डिबगिंग मॅकशिवाय होत नाही, एक्सकोड (आयफोनची ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, मॅकवरच चालतं) लागतंच, आणि तुझ्याकडे मॅक नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्ये एक्स्पो (त्यावरचा तयार साधनांचा संच) घेतलंस तर विंडोज लॅपटॉपवर कोड लिहून आयफोनवर वायफायने चालवता येतो, ब्रेकपॉइंटसकट. साध्या ॲपला एक्स्पो गो (फोनवर टाकायचं त्यांचं तयार ॲप) पुरतं, नेटिव्ह लायब्ररी जास्त असतील तर डेव्हलपमेंट बिल्ड त्यांच्या क्लाऊडवर बनवायची. क्लाऊडची सेवा ओपन सोर्स नाही हं, एक्स्पोचा कोड एमआयटी लायसन्सचा (कुणीही वापरावा असा) आहे पण बिल्ड करून देणारे सर्व्हर त्यांचे, फुकट कोटा ठरावीक. खोल नेटिव्ह क्रॅश झाला तर तिथे पण शेवटी एक्सकोडच लागेल, पण तुझ्या ॲपमध्ये तसं खोल काही आहे असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. सर्व्हरशी काय बोलणं चाललंय ते बघायला मिटमप्रॉक्सी म्हणून ओपन सोर्स टूल आहे, एमआयटी लायसन्स, लॅपटॉपवर चालवायचं, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून लॅपटॉपचा पत्ता द्यायचा की प्रत्येक रिक्वेस्ट समोर दिसते. रिॲक्ट नेटिव्ह अँड्रॉइडवर ओकेएचटीटीपी ही नेटवर्कची लायब्ररी वापरतं आणि ते प्रॉक्सीची सेटिंग पाळतं. फ्लटरमधलं डार्ट भाषेचं क्लायंट ती सेटिंग पाळत नाही, त्यामुळे नवीन माणूस मिटमप्रॉक्सी लावतो, काहीच दिसत नाही, आणि अर्धा दिवस डोकं खाजवतो, मग कळतं की कोडमध्ये प्रॉक्सी वेगळी सांगावी लागते. दोन्हीकडे समान कटकट म्हणजे अँड्रॉइड ७ पासून आपण हाताने टाकलेलं सर्टिफिकेट ॲप आपणहून मानत नाही, नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये फक्त डिबगपुरती सूट द्यायची सोय आहे ती वापर, आणि ती सूट रिलीजमध्ये नेऊ नकोस म्हणजे झालं.

बाकीचे पर्याय पटकन सांगते कारण तुला ते लागणार नाहीत. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टेबल झालं, त्याचं कम्पोज (स्क्रीन बनवायचा भाग) आयफोनसाठी मे २०२५ मध्ये, चांगलं आहे, पण कोटलिन भाषा येणाऱ्यांसाठी, आणि मॅक इथेही पाहिजे. झॅमरिनचा कोर्स कुणी विकत असेल तर पळ, मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ ला त्याचा सपोर्ट संपवलाय. आयोनिक आणि कपॅसिटर मात्र लोक उगाच नाकं मुरडतात असं मला वाटतं, दूध-फॅट-पगार दाखवायला वेबपेज गुंडाळलेलं ॲप पुरेसं होतं आणि डिबगिंग सरळ क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून. तू सुरुवात केली नसतीस तर मी तेच सुचवलं असतं. आता केलीयस तर राहू दे.

चेअरमन साहेबांच्या आयफोनचं एक वेगळंच सांगते. ॲपलचं डेव्हलपर खातं वर्षाला ९९ डॉलर आहे, दर वर्षी. एका माणसासाठी? त्यांना तेच सगळं एका वेबपेजवर दे, सफारीत उघडून होम स्क्रीनवर आयकॉन टाकून दे, एक्स्पोमधून वेबची बिल्ड पण निघते. साहेबांना आयकॉन दिसला आणि आकडे दिसले की झालं. उद्या पन्नास सभासदांकडे आयफोन आले की मग बघू.

व्हर्जन मात्र वर न्यावंच लागेल. ०.७२ ला आता सुधारणा येत नाहीत, रिॲक्ट नेटिव्हवाले ताज्या मोजक्या व्हर्जनकडेच लक्ष देतात. शिवाय गुगल प्लेने अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठी बनवलेल्या ॲपना १६ केबी मेमरी पेजची अट घातलीय, १ नोव्हेंबर २०२५ पासून, आणि तो सपोर्ट रिॲक्ट नेटिव्हमध्ये ०.७७ ला आला. एकेक पायरी चढत अपग्रेड करायला अपग्रेड हेल्पर आहे, दोन व्हर्जनमधला फरक फाइलवार दाखवतो, पण तुझं ॲप एवढंसं आहे, मी तर म्हणेन एक्स्पोचं कोरं नवीन प्रोजेक्ट कर आणि स्क्रीनच्या फाइली उचलून त्यात टाक. ग्रेडलशी (अँड्रॉइडची बिल्ड करणारं टूल) भांडण्यापेक्षा ते लवकर होईल. फक्त तू वापरतोयस त्या लायब्ररी अजून जिवंत आहेत का ते आधी बघ.

जिवंत कशी बघायची? गिटहबवर तारे मोजू नकोस, तारे जुनेच असतात, फ्लिपरला पण ढीगभर आहेत. शेवटचा रिलीज कधीचा, वर अर्काइव्हची पिवळी पट्टी आहे का, इश्यूमध्ये मेंटेनर शेवटचं कधी बोलला, आणि त्याला पगार कोण देतं, का तो बिचारा रात्री जागून करतोय. आणि प्रत्येक टूल ॲपच्या आत घुसतं की बाहेर राहतं हे बघ. आत घुसणारं टूल मेलं की तुझी बिल्ड घेऊन मरतं, बाहेरचं मेलं तर तू फक्त दुसरं उघडतोस. म्हणून मी नवीन पोरांना आधी बाहेरची शिकायला सांगते, लॉगकॅट, मिटमप्रॉक्सी, आणि स्क्रसीपीवाय. हे तिसरं माहीत नसेल तर आजच घे, जेनीमोबाइलवाल्यांचं आहे, अपाची लायसन्स, केबल लावली की फोनची स्क्रीन लॅपटॉपवर दिसते आणि माउसने चालवता येते, फोनवर काही टाकावं लागत नाही. सेक्रेटरींचा फोन समोर ठेवून तुम्ही तिघं मिळून बघू शकता की नक्की कुठे दाबल्यावर मोडतं, नाहीतर ते फोनवर "ते निळं बटण" म्हणणार आणि तू हिरवं शोधत बसणार. उद्या फ्लटरला गेलास, कोटलिनला गेलास, तरी ही तिन्ही टूल्स चालतात, फक्त फ्लटरमध्ये मिटमप्रॉक्सीसाठी वर सांगितलं तशी कोडमध्ये प्रॉक्सी द्यायची. रिॲक्टोट्रॉन पण चांगलं आहे, इन्फिनिट रेडचं, पण त्यासाठी ॲपमध्ये कोड घालावा लागतो, तेव्हा दुसऱ्या फेरीत.

हळू फोनचं तू लिहिलं नाहीस पण ते येणारच, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. वर्षभराच्या नोंदी एका साध्या स्क्रोल व्ह्यूमध्ये मॅप करून ओतल्या तर दोन जीबी रॅमचा फोन बसणारच, फ्लॅट लिस्ट (स्क्रीनच्या आसपासच्याच नोंदी रंगवणारी) वापर, तीही कमी पडली तर शॉपिफायची फ्लॅश लिस्ट, ती पण एमआयटी. वेग नेहमी रिलीज बिल्डमध्ये मोज, डिबगमध्ये सगळंच हळू असतं, तिथे मोजून घाबरण्यात अर्थ नाही.

आणि मराठी नावांची एक छोटी गोष्ट. नावाचं पहिलं अक्षर गोल चकतीत दाखवतोस का? मग ज्ञानेश्वर नावाने टेस्ट कर. कोडच्या हिशोबाने पहिलं अक्षर नुसतं ज येतं, आणि ज्ञानेश्वररावांना ते चालणार नाही. हे डार्टमध्ये पण होतं, जावास्क्रिप्टमध्ये पण, त्यामुळे इथे कुणाला श्रेय नाही. तसंच लाइन हाइट कमी ठेवलीस तर अँड्रॉइडवर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, इंग्रजी मजकुरात हे कधीच दिसत नाही म्हणून टेस्टिंगमध्ये सुटतं.

आता ॲप लोकांच्या हातात गेल्यावरचं. प्रत्येक फोनला केबल लावत फिरणार नाहीस ना, तेव्हा क्रॅशची खबर आपोआप आली पाहिजे. सेक्रेटरी ओपन सोर्स म्हणजे फुकट म्हणतात, त्यांना इथलंच उदाहरण दे. रिॲक्ट नेटिव्ह एमआयटी, फ्लटर बीएसडी, कोटलिन अपाची, इथपर्यंत सरळ आहे. सेंट्री हे क्रॅश पकडायचं नावाजलेलं टूल, सगळे ओपन सोर्स म्हणूनच सांगतात, पण त्याच्या सर्व्हरचं लायसन्स २०१९ मध्ये बदललं आणि २०२३ मध्ये परत बदललं, आता कोड वाचता येतो, स्वतःच्या कामाला वापरता येतो, पण स्पर्धक म्हणून विकता येत नाही, आणि नेहमीच्या व्याख्येत ते ओपन सोर्स बसत नाही. तुला त्याने काही बिघडत नाही, तू सेंट्री विकणार नाहीयेस. पक्कं ओपन सोर्सच पाहिजे असेल तर ग्लिचटिप आहे, सेंट्रीच्याच क्लायंट लायब्ररी त्याला चालतात, पण स्वतः चालवायचं तर सर्व्हर तुला सांभाळायचा आणि त्याचं भाडं महिन्याला. क्रॅशलिटिक्स हे तसंच टूल फुकट आहे पण मागचा सर्व्हर गुगलचा, कोड उघडा नाही. एका डेअरीसाठी मी सेंट्रीचा फुकट प्लॅन किंवा क्रॅशलिटिक्स ह्यातलं एक लावून मोकळी झाले असते, तत्त्वासाठी रात्री दोनला सर्व्हर उठवत बसायचं वय गेलं माझं.

काहीही लाव, प्रत्येक रिलीजचा सोर्स मॅप (क्रॅश मूळ कोडच्या कुठल्या ओळीत झाला ते सांगणारी फाइल) जपून ठेव, व्हर्जन नंबर घालून. तो नसेल तर क्रॅशच्या रिपोर्टमध्ये "ओळ १, कॉलम ४ लाख काहीतरी" असं येतं आणि त्याचा काही उपयोग नाही. फ्लटरमध्ये पण नावं झाकून बिल्ड केली तर सिम्बॉलची फाइल अशीच जपावी लागते, तिथेही सूट नाही. आणि कन्सोल लॉग रिलीजमधून काढून टाक, बेबलचा (जावास्क्रिप्टचं रूपांतर करणारं टूल) त्यासाठी प्लगइन आहे. तू पगार दाखवतोयस म्हणजे कुठेतरी बँक खात्याचा नंबर लॉग करून ठेवला असशील, तो लॉगकॅटमध्ये उघडा दिसतो.

प्ले स्टोअरचं २५ डॉलरचं खातं एकदाच भरायचं असतं, पण ते तुझ्या नावाने काढू नकोस. नवीन वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी सोडायच्या आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. डेअरीच्या नावाने संस्थेचं खातं काढलंस तर ती अट नाही, डन्स नंबर (संस्थेचा ओळख क्रमांक) मात्र काढावा लागतो, त्याला वेळ लागतो म्हणून सेक्रेटरींना आजच कागदपत्रं काढायला लाव. उद्या तुम्ही दोघं दुसऱ्या कामाला लागलात तरी ॲप डेअरीचं डेअरीकडेच राहील.

लॉगकॅट बघून माझा अंदाज चुकीचा निघाला तर "फेटल एक्सेप्शन"च्या खालच्या वीसेक ओळी, फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडचं व्हर्जन मला पाठव. पाठवायच्या आधी त्यातले शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर आणि खाते नंबर तेवढे खोड.